ट्यूब अॅम्प घूं करतोय? उघडायच्या आधी हे करा

घरी रेकॉर्डिंग करताना ट्यूब अॅम्पमधून (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा गिटारचा अॅम्प्लिफायर) घूं यायला लागलं की आधी इनपुटमधून गिटारची केबल काढा. आवाज थांबला तर अॅम्प बहुतेक ठीक आहे, दोष केबल, पेडल नाहीतर पिकअपचा (तारांचं कंपन पकडणारा गिटारवरचा भाग), आणि पिकअप सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलचा, असेल तर कॉम्प्युटरपासून जरा लांब सरकून, गिटार थोडी फिरवून बघा, लगेच फरक कळतो.

केबल काढूनही आवाज येतोय आणि व्हॉल्यूम कमी केला की तोही कमी होतोय, मग प्रीअॅम्प ट्यूबवर, म्हणजे सिग्नल सुरुवातीला वाढवणाऱ्या छोट्या ट्यूबवर, संशय घ्या. अॅम्प चालू ठेवून एकेका ट्यूबवर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकेच टकटक करा, थोडा ठक आवाज सगळ्याच देतात पण जी टण्णकन वाजते किंवा शिट्टी मारते ती बदलायची. बदलताना अॅम्प बंद, ट्यूब गार झालेली. प्रीअॅम्प ट्यूबला बायस (ट्यूबमधून शांत असताना किती करंट वाहतो त्याचं सेटिंग) सेट करावा लागत नाही, स्पीकर चालवणाऱ्या मोठ्या पॉवर ट्यूबला बऱ्याचदा लागतो.

आणि प्लीज, आवाज नको म्हणून स्पीकर काढून अॅम्प वाजवू नका, ट्यूब आणि स्पीकरच्या मधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, त्यासाठी लोड बॉक्स (स्पीकरच्या जागी जोडायचा, आवाज न करता पॉवर झेलणारा डबा) लावा. चेसिस (आतल्या सर्किटची धातूची पेटी) तर उघडूच नका, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो, ते काम टेक्निशियनचंच.