मनातल्या मास्तरांशी जमवून घेताना

ऑफिसात प्रेझेंटेशन झालं की रात्री भांडी घासताना तोच आवाज सुरू व्हायचा: "एवढंही धड बोलता येत नाही तुला?" हा आवाज आधी अंगात कळतो, शब्द नंतर येतात. दात आवळले जातात, खांदे वर चढतात, हात कढई उगाचच खसाखसा घासत सुटतो. तेवढं जाणवलं की मी नळ बंद करते, तळवे ओल्या ओट्यावर टेकवते आणि मनात म्हणते, "आले मास्तर." गप्प बसवायला गेलं तर ते दुप्पट बोलतात, म्हणून विचारते, "कशाची भीती वाटतेय?" उत्तर बहुतेकदा साधंच असतं: चारचौघांत हसं होईल.

मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये आत्मकरुणेचे तीन भाग मांडले: स्वतःशी मायेनं वागणं, असं सगळ्यांचंच होतं याची जाण, आणि सजगता, म्हणजे मनात काय चाललंय ते वाहवत न जाता बघणं. मला मधला सर्वांत उपयोगी पडला. स्वतःला धीर द्यायला छातीवर हात ठेवणं मात्र अजून नाटकी वाटतं. त्याऐवजी मैत्रिणीला म्हटलं असतं तेच स्वतःला म्हणते, "अगं, दमलीस. उद्या बघू."

मास्तर येतातच. पण हल्ली बरेचदा प्रेझेंटेशनच्या आधी येतात आणि आकडे एकदा तपासून घे म्हणतात. ते मी ऐकते.