मांजात अडकलेला पक्षी दिसला तर काय करायचं

संक्रांत आली की नाशिकला पंचवटीत, गंगापूर रोडला झाडाझाडावर मांजा लोंबकळत असतो, आणि त्यात घार नाहीतर कबुतर अडकलेलं दिसलं की जीव कासावीस होतो, पण आधी एक लक्षात ठेवा, दोरा ओढायचा नाही. ओढला की पंख अजून चिरतो. अंगावर जाडसर टॉवेल टाका, पक्षी शांत होतो, मग दोन्ही बाजूंनी कात्रीने दोरा कापा आणि जखमेत रुतलेला तुकडा तसाच राहू द्या, तो डॉक्टरच काढतील. बुटांच्या खोक्याला भोकं पाडून अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका प्लीज, श्वासनलिकेत जातं.

उंच झाडावर असेल तर स्वतः चढू नका, फायर ब्रिगेडला १०१ लावा. वनविभागाचा १९२६ आहेच, आणि जवळच्या प्राणीमित्र संस्थेचा नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा. घार, घुबड असेल तर घरी पाळायचं नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

नायलॉन मांजावर हरित लवादाने २०१७ मध्येच बंदी घातलीय, तरी कुणी विकताना दिसलं तर रीळाचा फोटो, जागा, वेळ लिहून ११२ वर कळवा. हे काम फक्त संस्थांवर सोडू नका हो.