एका रात्रीची खोप: रानाकडेला गवत-बांबूचा निवारा कसा बांधावा

पहिली खोप बांधली तेव्हा सगळा जीव छपरात ओतला होता. पुणे जिल्ह्यातल्या वेल्ह्याकडे मामांच्या शेताच्या वरच्या अंगाला रान लागतं, तिथे, ऐन डिसेंबरात. छप्पर इतकं दाट शाकारलं होतं की आतून एक चांदणी दिसत नव्हती. रात्री दोन वाजता मात्र मी कुडकुडत उठून बसलो, कारण अंगाखाली होती फक्त सतरंजी. सकाळी मामा चहाची किटली घेऊन आले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आत्ता पाऊस हाय व्हय? थंडी खालनं येती, बाबा." तेव्हापासून खोप बांधायची म्हटली की मी आधी अंथरुणाचा हिशेब करतो, मग छपराचा.

जागेचं एक आधी सांगून टाकतो. राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं, झाड तोडणं, जाळ करणं हा 1927 च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि अभयारण्यांना 1972 चा वन्यजीव कायदा लागू होतो. त्यामुळे हा उद्योग स्वतःच्या, नाहीतर नातेवाइकाच्या मालकीच्या रानात, त्यांना विचारूनच करावा. बांबूची चिंता नको. वनाबाहेर वाढलेला बांबू 2017 च्या दुरुस्तीने कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून वगळला आहे.

सामान फार लागत नाही: कोयता, पहार, सुतळीचा मोठा गुंडा, हातमोजे. नायलॉनची दोरी नको. ती गुळगुळीत बांबूवर घसरते आणि तुकडे रानात राहिले तर वर्षानुवर्षं कुजत नाहीत. जुनी माणसं पळसाच्या मुळांचा वाख, म्हणजे धागे, काढून दोर वळत. पण एका रात्रीसाठी झाडाची मुळं उकरण्यात अर्थ नाही.

जागा निवडताना पहिली नजर वर टाका. डोक्यावर वाळकी फांदी लोंबत असेल तर तिथून उठा. नारळाखालीही नको. मग खाली बघा: वारुळ, बिळं, दगडांचा ढीग जवळ नसावा. ओढ्याकाठची सपाट जागा मोहात पाडते, पण रात्री उतारावरची गार हवा पाण्यासारखी खाली वाहत येऊन नेमकी तिथेच साठते. दहा-पंधरा फूट वर चढलात तरी फरक अंगाला कळतो. खोपीची पाठ वाऱ्याकडे ठेवायची. वारा कुठून येतो ते मूठभर सुकं गवत चुरून हवेत सोडलं की समजतं.

आता सांगाडा. सोपी म्हणजे एकपाखी खोप, छपराला एकच उतार असलेली. वर बेचकं असलेल्या दोन मेढी, म्हणजे खांब, घ्या, प्रत्येकी पाच फुटांच्या. बांधावर उंदीरमारी, म्हणजे गिरीपुष्प, असेल तर तिच्याच तोडा. तिला सरळ फोक येतात आणि छाटली की ती पुन्हा फुटते. पहारीने फूटभर खोल खड्डे घेऊन मेढी सात फुटांच्या अंतरावर रोवा, भोवती दगड ठोकून माती चेचा. बेचक्यांत आठ फुटांचं आढं, म्हणजे छप्पर पेलणारा आडवा दांडा, टाका. इथे कंजुषी नको: दोन्ही हातांनी आढ्याला लोंबकळून बघा. कुरकुरलं तर बदला.

मागच्या बाजूला मेढींपासून चार फुटांवर जमिनीवर एक रेघ ओढा. साडेसहा फुटी वासे, म्हणजे छपराचे तिरपे दांडे, आढ्यावर टेकवून त्यांची बुडं त्या रेघेवर रोवा, दोन वाशांत वीतभर अंतर. जमिनीपासून आढं चार फूट आणि मागे चार फूट, म्हणजे उतार पंचेचाळीस अंशांचा होतो. गवताच्या छपराला याहून चपटा उतार चालत नाही. पाणी वाहून जाण्याऐवजी आत झिरपतं. वाशांवर बांबूच्या कांबी, म्हणजे चिरलेल्या पट्ट्या, आडव्या, वीतभर अंतराने बांधा. गाठ सुरगाठच मारा, म्हणजे उद्या एका झटक्यात सुटेल.

उंची वाढवायचा मोह प्रत्येकाला होतो. आत उभं राहता यावं असं वाटतं. पण खोप जेवढी मोठी तेवढी तुमच्या अंगाची ऊब पसरून वाया जाते. बसताना डोकं आढ्याला लागत नाही ना, एवढंच बघा.

शाकारणी खालून वर करायची. पहिला थर सगळ्यात खालच्या कांबीवर, दुसरा त्याच्या निम्म्यावर चढून, असं आढ्यापर्यंत. वरून सुरुवात केलीत तर प्रत्येक थराची फट पाण्याच्या वाटेत उघडी राहील, मग छप्पर कितीही जाड असो. सागाची पानं वापरलीत तर देठ वर आणि टोक खाली. गवत असेल तर पेंढ्या सैल करून पसरा, जाडी किमान वीतभर. कुसळी गवत टाळा. त्याची कुसळं कपड्यांत शिरली की रात्रभर टोचत राहतात. वेलींवर मखमली, केसाळ शेंगा दिसल्या तर हात लावू नका. ती खाजकुयली. शेवटी वरून तीन-चार लांब काटक्या आडव्या दाबून बांधा, नाहीतर पहाटेचा वारा अर्धं छप्पर शेजाऱ्याच्या शेतात नेऊन टाकतो.

आत आडवं होऊन बघा. उजेडाची टिकली दिसली की तिथे मूठभर गवत खोचा. मग मित्राला वरून बादलीभर पाणी ओतायला सांगा. मित्र यात नको इतका रस घेतात.

आता अंथरूण. जमीन झाडून बारके खडे काढा. खाली बोटाएवढ्या काटक्यांचा एक थर, त्यावर भाताचा पेंढा. सुगीनंतर तो गावात सहज मिळतो. सुरुवातीला गुडघाभर उंच वाटेल इतका टाका, कारण तुम्ही झोपलात की तो दबून वीतभर उरतो, आणि तेवढाच लागतो. पेंढ्यात अडकलेली हवा थंडी अडवते. ओला किंवा कुबट वास येणारा पेंढा घेऊ नका. टाकण्याआधी प्रत्येक पेंढी काठीने झोडपा. विंचू त्यात दडतात.

मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा चारी बाजूंनी अंथरुणाखाली घट्ट खोचा. डासांपेक्षा मण्यारीसाठी. हा साप रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्याच्या अंथरुणात शिरतो, आणि त्याचा दंश इतका कमी दुखतो की माणूस पुन्हा झोपी जातो. दंशाची नुसती शंका आली तरी सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन लावा, माणसाला चालवू नका. म्हणूनच मोबाइलला रेंज कुठे मिळते ते उजेडातच बघून ठेवायचं.

शेकोटीबद्दल माझं मत लोकांना रुचत नाही: गवताच्या खोपीजवळ करूच नका. डिसेंबरनंतर रान कोरडं ठणठणीत असतं आणि एका ठिणगीने डोंगर पेटतो. थर्मासमध्ये चहा न्या, कानटोपी घाला.

वेळेचा अंदाज: दोघांना पहिल्यांदा चार तास धरा. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, तेव्हा एकच्या आत कोयता हातात हवा. अंधारात कोयता चालवायचा नाही.

सकाळी मोडायला अर्धा तास पुरतो. सुरगाठी सोडा, सुतळी गुंडाळून घ्या, खड्डे बुजवा, पानं झाडांखाली पसरा. बांबू मामांच्या गोठ्यामागे उभे केले की पुढच्या खेपेला तेच. आणि पेंढा गोठ्यात टाका. रात्रभर तुम्ही लोळलात म्हणून म्हशीला काही फरक पडत नाही.