हिरवळीसाठी दोन तारांचा डिकोडर कंट्रोलर कसा बसवावा

नेहमीच्या स्वयंचलित सिंचनात प्रत्येक व्हॉल्व्हला कंट्रोलरपासून स्वतःची एक तार जाते आणि सगळ्यांना मिळून एक कॉमन तार असते. चाळीस व्हॉल्व्ह असतील तर एक्केचाळीस तारा. चर उकरताना एकदा कुदळ बसली की कुठली तार कुठे जात होती ते शोधण्यात दिवस जातो. दोन तारांच्या पद्धतीत कंट्रोलरमधून तारांची एकच जोडी निघते आणि सगळ्या व्हॉल्व्हजवळून फिरते. त्याच जोडीतून वीजही जाते आणि संदेशही. प्रत्येक व्हॉल्व्हजवळ एक डिकोडर असतो आणि त्याला स्वतःचा क्रमांक असतो. वर्गात हजेरी घेतात तसंच हे चालतं. कंट्रोलर एक क्रमांक पुकारतो, ज्याचा तो क्रमांक असेल तो डिकोडर आपल्या सोलेनॉइडला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या विजेच्या कॉइलला) वीज देतो, बाकीचे गप्प राहतात.

आठ-दहा व्हॉल्व्हच्या छोट्या लॉनसाठी या भानगडीत पडू नये, तिथे जुनी पद्धत स्वस्तही पडते आणि सोपीही. व्हॉल्व्ह जास्त असतील, अंतर शेकडो मीटरांचं असेल किंवा पुढे लॉन वाढवायचं असेल, तर मात्र दोन तारांना तोड नाही. फक्त एक गोष्ट आधीच पक्की लक्षात घ्या. जोडी एकच असल्यामुळे एका बॉक्समधल्या एका कच्च्या जोडाचा त्रास सगळ्या यंत्रणेला होतो. कंट्रोलर महागाचा घेऊन जोडांवर पैसे वाचवणारे लोक पुढे दर पावसाळ्यात लॉन उकरत बसतात.

पहिली पायरी : कागदावर काम

जागेचा नकाशा काढा आणि त्यावर कंट्रोलर, प्रत्येक व्हॉल्व्ह बॉक्स आणि तारेचा मार्ग दाखवा. मार्गाला फाटे फोडता येतात, म्हणजे एका बॉक्समध्ये टी-जोड देऊन एक फांदी डावीकडे आणि एक उजवीकडे नेता येते. तारेचं दुसरं टोक परत कंट्रोलरला आणून वर्तुळ पूर्ण करायला काही कंपन्या परवानगी देतात, काही सक्त मनाई करतात. परवानगी असली तरी माझं मत फांद्यांच्या बाजूने आहे. वर्तुळात कुठेही बिघाड झाला तरी वीज दोन्ही बाजूंनी पोहोचत राहते, त्यामुळे दोष शोधताना आधी ते वर्तुळ तोडावं लागतं.

एकूण लांबी मोजा आणि कंपनीच्या तक्त्यात त्या लांबीला तारेची कोणती जाडी सांगितली आहे ते पाहा. १४ गेजची तांब्याची तार, म्हणजे साधारण २ चौरस मिलिमीटर छेदाची, बऱ्याच कामांना पुरते. लांब पल्ल्याला १२ गेज लागते. एका वेळी किती व्हॉल्व्ह उघडणार आहेत हेही याच वेळी ठरवा, कारण व्होल्टेज किती पडणार ते त्यावरच अवलंबून असतं.

दुसरी पायरी : सामान

जमिनीत थेट पुरण्यासाठी बनवलेली, भरीव तांब्याची, दुहेरी आवरणाची केबल घ्या. काही कंपन्यांच्या यंत्रणेला पीळ दिलेलीच जोडी लागते, काहींना सपाट केबल चालते. इथे आपलं डोकं चालवू नका, माहितीपुस्तिकेत लिहिलंय तीच घ्या. घरातल्या वायरिंगची उरलेली तार तर नकोच. तिचं आवरण ओल्या मातीत राहण्यासाठी केलेलं नसतं.

डिकोडर कंट्रोलरच्याच कंपनीचे, त्याच मालिकेचे हवेत. एका कंपनीची भाषा दुसऱ्या कंपनीचा डिकोडर ओळखत नाही. त्याशिवाय जेल भरलेले जलरोधक कनेक्टर लागतील (मोजून निघतील त्यापेक्षा थोडे जास्तच घ्या), अर्थिंगचे रॉड, सर्ज अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत सोडणारं साधन), वायर स्ट्रिपर, मल्टिमीटर आणि खाणाखुणांसाठी न पुसणारा मार्कर किंवा छापील टॅग.

तिसरी पायरी : डिकोडरला क्रमांक देणे

हे काम टेबलावर बसून उरका, चिखलात उकिडवं बसून नको. काही डिकोडरमध्ये क्रमांक कारखान्यातूनच येतो आणि अंगावर छापलेला असतो. तो नकाशावर टिपून घ्यायचा आणि नंतर कंट्रोलरमध्ये भरायचा. काहींना कंट्रोलरवरच्या खास जागी किंवा हातातल्या प्रोग्रॅमरला जोडून क्रमांक द्यावा लागतो. कोणताही प्रकार असो, क्रमांक दिल्याबरोबर डिकोडरवर लिहा. एकच क्रमांक दोघांना दिला गेला तर पुढे दोन व्हॉल्व्ह एकदम उघडतात, पाण्याचा दाब कमी पडतो आणि माणूस उगाच पंपाला दोष देत बसतो.

चौथी पायरी : चर आणि केबल

पाइपच्याच चरातून केबल नेणं सोयीचं पडतं. ती पाइपच्या बाजूला किंवा खाली ठेवा, म्हणजे वरून खणणाऱ्याचं हत्यार आधी पाइपला लागेल. हिरवळीवर पुढे हवा खेळवण्यासाठी भोकं पाडली जातात, त्यामुळे ४५ सेंटिमीटरची खोली बरी. रस्त्याखालून किंवा फरशीखालून जाताना केबल कंड्युटमधून, म्हणजे संरक्षक नळीतून, न्या. मुख्य विजेची केबल त्याच चरात टाकू नका, दोन्हींमध्ये अंतर राखा.

केबल ताणून टाकू नका. माती दबते, उन्हाथंडीने तार आकुंचन-प्रसरण पावते आणि ताण नेमका जोडावर येतो. प्रत्येक बॉक्समध्ये दीड मीटरभर केबल वेटोळं करून ठेवा. जोड करताना तारा बॉक्सबाहेर, गुडघ्यावर घेऊन काम करता आलं पाहिजे हा हिशेब. आणखी एक नियम विनाअपवाद पाळा : बॉक्सशिवाय मातीत कुठेही जोड द्यायचा नाही. मधेच केबल संपली तर त्या जागी नवा बॉक्स बसवा.

डिकोडर जोडण्याआधीच केबलची परीक्षा घ्या. दोन्ही टोकं मोकळी ठेवून मेगरने (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) दोन तारांमधला आणि तार-जमीन यांच्यातला इन्सुलेशनचा रोध तपासा. केबल टाकताना आवरण कुठे खरचटलं असेल तर इथेच कळेल. डिकोडर लागल्यावर मात्र मेगर त्या तारेजवळसुद्धा नेऊ नका. त्याच्या शेकडो व्होल्टांनी आतलं इलेक्ट्रॉनिक्स जळून जाईल.

पाचवी पायरी : जोड

इथे वेळ द्या. समजा लाल आणि निळी अशी जोडी आहे. बॉक्समध्ये कंट्रोलरकडून आलेली लाल, पुढे जाणारी लाल आणि डिकोडरची लाल अशा तीन तारा एका कनेक्टरमध्ये येतील, तशाच तीन निळ्या दुसऱ्यात. काही यंत्रणांना तारा उलट्या झाल्या तरी फरक पडत नाही, काहींना पडतो. रंगाची शिस्त दोन्हीकडे पाळा, पुढे दुरुस्तीला येणारा माणूस दुवा देईल.

बाहेरचं आवरण सोलताना ब्लेड आतल्या इन्सुलेशनला लागू देऊ नका. केसाएवढी चीर पडली तरी पाणी तिथूनच आत शिरतं, आणि ते लगेच कळत नाही, वर्षभराने कळतं. टोकं कनेक्टरवर सांगितलेल्या लांबीएवढीच सोला. तिन्ही टोकं एका रेषेत धरून त्यावर कनेक्टर घट्ट होईपर्यंत फिरवा. मग एकेक तार वेगळी धरून ओढून पाहा. एखादी हातात आली तर ती आत धरलीच गेली नव्हती, पुन्हा करा. आता कनेक्टर जेलच्या नळीत तळापर्यंत दाबा. जेल कनेक्टरच्या वर चढून तारांच्या इन्सुलेशनभोवती आलेलं दिसलं पाहिजे. उघडं तांबं कुठेही दिसता कामा नये. झाकण लावताना तारा त्यांच्या खाचांमध्येच बसल्या आहेत ना ते बघा, नाहीतर झाकण अर्धवट लागतं.

पाऊस चालू असताना किंवा तारा ओल्या असताना जोड करू नका. कनेक्टर एकदाच वापरायची वस्तू आहे, उघडलेला परत लावायचा नाही. आणि इन्सुलेशन टेप हा जलरोधक जोड नव्हे, कितीही वेढे मारले तरी नाही.

सोलेनॉइड जोडण्याआधी त्याच्या दोन तारांवर मल्टिमीटर लावून रोध पाहा. २४ व्होल्ट एसीच्या नेहमीच्या सोलेनॉइडचा आकडा साधारण २० ते ६० ओहममध्ये येतो. मीटर अमर्याद रोध (OL) दाखवत असेल तर आतली कॉइल तुटलेली आहे. जेमतेम दोन-चार ओहम आले तर ती शॉर्ट आहे आणि डिकोडरलाही घेऊन बुडेल. सोलेनॉइड डिकोडरच्या निर्गम तारांनाच जोडायचा, मुख्य जोडीला थेट कधीच नाही. दोन किंवा अधिक व्हॉल्व्ह चालवणाऱ्या डिकोडरमध्ये प्रत्येक केंद्राच्या, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या, तारांचा रंग वेगळा असतो, तो नकाशावर टिपा. डिकोडरपासून व्हॉल्व्ह लांब असला तरी चालतो, पण त्यालाही मर्यादा आहे. जमलं तर दोघं एकाच बॉक्समध्ये ठेवा.

जिथे मार्ग संपतो तिथली दोन टोकं एकत्र पिळू नका, शॉर्ट होईल. प्रत्येक टोक वेगळ्या जेल कनेक्टरमध्ये बंद करा.

सहावी पायरी : अर्थिंग

जुन्या पद्धतीत जमिनीखाली फक्त तांबं आणि कॉइल असतात. इथे शेकडो मीटर तांब्याला लटकलेलं नाजूक इलेक्ट्रॉनिक्स असतं. जवळपास वीज पडली की तिचा झटका या तारेतून धावतो आणि एका संध्याकाळी डझनभर डिकोडर जातात. म्हणून अर्थिंग टाळण्यासारखी गोष्ट नाही, ठेकेदार कितीही म्हणाला तरी.

किती अंतरावर अर्थिंग द्यायचं याचा नियम कंपनीगणिक बदलतो. काहींचा दर ३०० मीटरला किंवा दर बाराव्या डिकोडरला एक असा असतो, काहींचा दर १५० मीटरला किंवा आठव्या डिकोडरला. यातलं जे आधी येईल ते धरायचं. शिवाय कंट्रोलरजवळ एक आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला एक. विजांच्या मुलखात यापेक्षा दाट दिलं तरी वाया जात नाही.

रॉड तांब्याचा मुलामा दिलेला, साधारण २.४ मीटर लांबीचा घ्या. तो केबलच्या मार्गापासून काटकोनात काही अंतरावर ठोका, केबलला खेटून नको, नाहीतर जमिनीत सोडलेला झटका परत तारेतच यायचा. रॉडकडे जाणारी उघडी तांब्याची तार शक्य तितकी सरळ आणि आखूड ठेवा. वेटोळी आणि तीव्र वळणं झटक्याला अडवतात. अर्थिंगचा रोध १० ओहम किंवा त्याहून कमी यावा. खडकाळ किंवा कोरड्या जमिनीत एका रॉडने भागत नाही, तिथे जादा रॉड किंवा पट्टी लागते.

सातवी पायरी : कंट्रोलर बसवणे

डोळ्यांच्या उंचीवर, थेट ऊन आणि फवारा लागणार नाही अशा भिंतीवर तो बसवा. मुख्य विजेची जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, स्वतंत्र सर्किट ब्रेकरसह. पंपाच्या मोटरच्या सर्किटवर कंट्रोलर टाकू नका. दोन तारांची जोडी तिच्या टर्मिनलला सगळ्यात शेवटी लावा, तीही वीज बंद असताना. पावसाचा सेन्सर बहुधा थेट कंट्रोलरला जोडतात. लांब असलेल्या फ्लो सेन्सरला (पाइपमधून किती पाणी वाहतं ते मोजणाऱ्या) मात्र काही यंत्रणांमध्ये खास सेन्सर डिकोडर लागतो.

आठवी पायरी : चालू करून बघणे

माती लोटण्याआधी हे करा. जोडी लावल्यावर कंट्रोलरच्या पडद्यावर तारेतला प्रवाह दिसतो. एकही व्हॉल्व्ह चालू नसताना प्रत्येक डिकोडर काही मिलिअँपिअर घेतोच. एका डिकोडरचा आकडा माहितीपुस्तिकेत पाहा, डिकोडरच्या संख्येने गुणा आणि ताडून बघा. प्रत्यक्ष आकडा बराच जास्त असेल तर कुठेतरी जोड गळतोय. मग क्रमाक्रमाने एकेक केंद्र चालवा आणि तिथे उभं राहून नेमका तोच व्हॉल्व्ह उघडतो का, बंद झाल्यावर पाणी पूर्ण थांबतं का ते पाहा. शांत स्थितीतला प्रवाह आणि प्रत्येक केंद्राचा प्रवाह नकाशाच्या मागे तारखेसह लिहून ठेवा. या तारेवरचं व्होल्टेज साध्या एसीसारखं शुद्ध लहरीचं नसतं, संदेश त्याच्यातच मिसळलेले असतात. त्यामुळे साध्या मल्टिमीटरचा व्होल्टेजचा आकडा थोडा इकडेतिकडे दिसला तर घाबरू नका.

बिघाड झाला तर

कंट्रोलर ओव्हरलोड दाखवत असेल तर तार शॉर्ट आहे किंवा एखादा जोड पाण्यात आहे. एका टोकापासून प्रत्येक बॉक्स उघडत जाऊ नका. मधला बॉक्स गाठा, वीज बंद करून पुढे जाणारी जोडी सोडवा आणि परत चालू करा. ओव्हरलोड गेला तर दोष पुढच्या अर्ध्यात आहे, राहिला तर अलीकडच्या. मग त्या अर्ध्याचा पुन्हा मध्य. मिलिअँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर तार सोडवायचीही गरज नाही. वीज चालू ठेवून जोडीतल्या एकाच तारेभोवती तो लावायचा आणि प्रवाह कोणत्या फांदीत जास्त जातोय ते बघत पुढे सरकायचं. दोन्ही तारा एकदम पकडल्या तर मीटर जवळपास शून्य दाखवेल, जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना खोडतात.

एकच व्हॉल्व्ह चालत नसेल आणि शेजारचे चालत असतील तर आधी सोलेनॉइड मोजा, मग डिकोडरचा क्रमांक पडताळा, आणि डिकोडर बदलायचा विचार त्यानंतर. एका ठिकाणापासून पुढचे सगळेच व्हॉल्व्ह बंद पडले असतील, तर शेवटचा चालणारा आणि पहिला न चालणारा या दोन बॉक्समधली तार तुटली आहे किंवा त्या दोहोंपैकी एकातला जोड सुटला आहे.

पुढे कधी नवा व्हॉल्व्ह टाकायचा झाला तर सगळ्यात जवळच्या बॉक्समध्ये जुने दोन्ही कनेक्टर कापून टाका. दीड मीटरचं वेटोळं ठेवलेलं असेल तर तार पुरते. एक जादा तार धरून नवे जोड करा, न वापरलेला क्रमांक द्या, अर्थिंगचं अंतर पुन्हा मोजा आणि शांत स्थितीतला नवा प्रवाह जुन्या आकड्याखाली लिहा.