कुंडीतली रानहळद: पाणी कधी द्यायचं, कधी तोडायचं

सह्याद्रीतल्या झाडीत रानहळद पहिल्या पावसानंतर कोंब काढते, भर पावसाळ्यात फुलते आणि पाऊस सरला की पानं पिवळी पाडून जमिनीखाली झोपी जाते. घरी ती दगावते ती बहुधा याच झोपेत, रोजच्या सवयीने घातलेल्या पाण्याने.

कंद देशी झाडांच्या रोपवाटिकेतूनच घ्या. राखीव जंगलातून उकरून आणणं भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार गुन्हा आहे, शिवाय त्या जागची वाढही कायमची मोडते. कंद हाताला टणक लागला पाहिजे. मऊ किंवा आंबूस वासाचा नको.

लागवड मेच्या शेवटी करा. बारा इंची कुंडीच्या तळाला दोन-तीन भोकं हवीतच. दोन भाग माती, दोन भाग कुजलेला पालापाचोळा, एक भाग जाड वाळू. ओलं मिश्रण मुठीत आवळा आणि बोटाने टोचा: लगेच भुसभुशीत सुटलं तर ठीक, चिकट गोळा राहिला तर वाळू वाढवा. डोळा, म्हणजे कोंब फुटतो ती जागा, वर ठेवून कंद दोन इंच खोल लावा, वर पाचोळा पसरा. कोंब दिसेपर्यंत माती जेमतेम ओलसर असू द्या.

जागा झाडाखालची, गाळीव उन्हाची. दुपारच्या उन्हात पानांच्या कडा करपतात. अगदी अंधारात पानं माजतात, पण फूल येत नाही. नत्रयुक्त खत जास्त झालं तरी तेच होतं. वरचा गुलाबी तुरा म्हणजे फूल नव्हे, ती सहपत्रं, म्हणजे फुलांच्या दांड्यावरची रंगीत पानं. खरी पिवळी फुलं खालच्या हिरव्या खोबणींतून एकेक करून डोकावतात.

पावसाने उघडीप दिली की मातीचा वरचा थर सुकण्याआधी पाणी द्या, बशीत मात्र साचू देऊ नका. माती ओली असूनही भर पावसाळ्यात पानं पिवळी पडली आणि कोंब ओढताच सहज हातात आला तर ती कंदकूज. कुंडी रिकामी करा, सडका भाग कापा, उरलेला कंद सावलीत दोन दिवस सुकवून नव्या मातीत लावा. पान दुमडून आत बसणारी अळी हाताने वेचली तरी पुरते.

ऑक्टोबरात पानं पिवळी व्हायला लागली की पाणी कमी करत न्या. ती हिरवी असताना कापू नका, पुढच्या वर्षीचा साठा तीच कंदात भरतात. पूर्ण वाळली की कुंडी पाऊस न लागणाऱ्या सावलीत हलवा. उन्हाळ्यात माती दगडासारखी झाली तर महिन्यातून एकदा कडेने वाटीभर पाणी, त्याहून जास्त नाही.

कुंडी भरली की मेमध्ये कंद वेगळे करा. प्रत्येक तुकड्याला एक तरी डोळा हवा, आणि मुळांच्या टोकाच्या गाठी तोडू नका. कोंब सुरुवातीला त्यांच्यावरच पोसतो.