नव्या लॅपटॉपचा टचपॅड मनासारखा चालत नाही? या चुका टाळा

नवा लॅपटॉप घरी आला की आठवड्याभरात फोन येतो, आणि तक्रारीही ठरलेल्या असतात. उघडलेल्या विंडो गायब झाल्या, ब्राउझर मध्येच मागच्या पानावर गेला, टाईप करताना कर्सर भलत्याच ओळीवर उडाला. परळ-लालबाग भागात लोकांचे लॅपटॉप लावून देता देता माझा पहिला प्रश्न आता पक्का झालाय: त्या वेळी तुमची बोटं कुठे होती? टचपॅडला एक, दोन, तीन आणि चार बोटांच्या वेगवेगळ्या हालचाली कळतात. त्यातल्या बहुतेक लॅपटॉप खोक्यातून निघतो तेव्हाच चालू असतात, आणि त्याबद्दल दुकानात कुणी अवाक्षर काढत नाही. माणूस बिचारा समजतो की मशीन बिघडलं.

लगेच फॉरमॅट मारणं

या चुकीचा मला सर्वांत जास्त राग येतो, कारण यात नुकसान कायमचं होतं. लालबागची एक इंजिनिअरिंगची मुलगी, प्रोजेक्टच्या सबमिशनची आदली रात्र. रिपोर्ट उघडा, शेजारी ब्राउझर, आणि एका क्षणात स्क्रीन कोरी. खालच्या टास्कबारवरसुद्धा उघड्या फाइलींची खूण नाही. वडील घाबरून सकाळी लॅपटॉप ओळखीच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने ‘व्हायरस आहे’ म्हणून तिथल्या तिथे फॉरमॅट केला. रिपोर्ट गेला, फोटो गेले, आणि लॅपटॉपसोबत पैसे मोजून घेतलेलं ऑफिसही गेलं, कारण दुकानदाराने स्वतःकडचं भलतंच विंडोज टाकून दिलं होतं.

मग लॅपटॉप माझ्याकडे आला. ‘तू काम करतेस तसंच कर’ म्हणून मी तिला समोर बसवलं. ती स्क्रोल करताना तीन बोटं टेकवायची. बोटं वर सरकली की उघड्या विंडोंची छोटी चित्रं दिसायची आणि तळाशी ‘न्यू डेस्कटॉप’ची चौकट. गडबडीत तिचा टॅप बरोबर त्या चौकटीवर पडायचा, आणि ती एका नव्या, रिकाम्या डेस्कटॉपवर, म्हणजे कामाच्या दुसऱ्या पडद्यावर, पोहोचायची. विंडोज ११ मध्ये टास्कबारवर चालू डेस्कटॉपच्याच विंडो दिसतात, म्हणून सगळं पुसलं गेल्यासारखं वाटतं. त्या रात्री तिचा रिपोर्ट जसाच्या तसा शेजारच्या डेस्कटॉपवर उघडा होता.

म्हणून विंडो गायब झाल्या की आधी विंडोज की आणि टॅब एकत्र दाबा. तळाशी एकापेक्षा जास्त डेस्कटॉप दिसले तर पहिल्यावर क्लिक करा. कंट्रोल, विंडोज की आणि डावा किंवा उजवा बाण दाबूनही डेस्कटॉप बदलता येतो. जास्तीचा डेस्कटॉप समोर असताना कंट्रोल, विंडोज की आणि एफ४ दाबलं की तो बंद होतो, पण त्यावरच्या विंडो बंद होत नाहीत, त्या शेजारच्या डेस्कटॉपवर सरकतात. एकच डेस्कटॉप दिसत असेल, तर बहुधा तीन बोटं खाली ओढली गेली आहेत आणि सगळ्या विंडो मिनिमाइझ झाल्यात. तीच बोटं वर सरकवली की त्या परत येतात.

कायमचा इलाज सेटिंग्जमध्ये. ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, त्यात टचपॅड, आणि तिथे तीन व चार बोटांच्या जेस्चरचे, म्हणजे हालचालींचे, वेगळे विभाग. नवशिक्याच्या लॅपटॉपवर मी दोन्हीकडे स्वाइप आणि टॅप या दोन्हींना ‘नथिंग’ करून टाकतो. महिनाभर हात बसू द्यावा, मग तीन बोटांचं एकेक काम चालू करावं. चार बोटांची मला स्वतःला कधी गरज वाटलेली नाही. काही जण पहिल्याच दिवशी सगळे जेस्चर व्हिडिओ बघून पाठ करतात आणि आठवड्याने त्यांचाच वैताग करतात. एवढी घाई कशाला?

कर्सर उडतो म्हणून टचपॅडच बंद करणं

गिरगावातल्या एक काकू डीटीपी करतात. लग्नपत्रिका, कार्यअहवाल, मंडळाच्या पावत्या, सगळं इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर, न बघता, भराभर. वर्षानुवर्षं टेबलावरच्या कॉम्प्युटरवर काम केलेलं, पहिलाच लॅपटॉप घेतला. एका पत्रिकेत मुहूर्ताच्या ओळीत मध्येच निमंत्रकांचं आडनाव घुसलं. त्यांनी दुरुस्त केलं, तर पुढचा अर्धा परिच्छेद सिलेक्ट होऊन पुसला गेला. एकाने कीबोर्ड बदलायला सांगितला. दुसऱ्याने टचपॅडच बंद करून दिला, आणि मग माऊस घरी विसरलेल्या दिवशी काकूंचं सगळं काम अडलं.

त्यांच्या शेजारी बसल्यावर कारण लगेच दिसलं. टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या सवयीने मनगटं खाली टेकलेली, आणि प्रत्येक जोडाक्षराच्या वेळी उजव्या अंगठ्याखालचा मांसल भाग टचपॅडच्या कडेला लागत होता. लॅपटॉप तो टॅप समजायचा, कर्सर तिकडे जायचा, आणि पुढचं अक्षर तिथे उमटायचं.

टचपॅडच्या सेटिंग्जमध्ये ‘टॅप्स’च्या विभागात सेन्सिटिव्हिटी असते. ती ‘लो’ केली की टायपिंग चालू असताना लागलेले हलके स्पर्श बरेच गाळले जातात. तेवढ्याने भागलं नाही तर एका बोटाचा टॅप काढून टाका. कर्सर सरकतो तसाच सरकेल, फक्त क्लिक करायला पॅड नीट दाबावा लागेल. जास्त टायपिंग करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच करून देतो. पहिले दोन-तीन दिवस ‘क्लिक होत नाही’ अशी कुरकुर होते, पण धीर धरलेल्यांपैकी कुणी ते परत चालू करून मागितलेलं मला आठवत नाही. माऊस लावला की टचपॅड बंद व्हावा असं वाटत असेल, तर त्याच पानावर ‘लीव्ह टचपॅड ऑन व्हेन अ माऊस इज कनेक्टेड’ समोरची खूण काढा. माऊस काढला की टचपॅड आपला परत चालू.

चार्जर आणि अर्थिंगकडे दुर्लक्ष

जुन्या चाळींत आणि इमारतींत अजून दोन पिनांचे सॉकेट आहेत. तीन पिनांचा प्लग कन्व्हर्टर लावून त्यात खुपसला की अर्थिंग तुटतं. टचपॅड बोटाने होणारा विद्युतभारातला अगदी बारीक फरक मोजतो. चार्जरमधून येणारा गोंगाट त्यात मिसळला की कर्सर थरथरतो किंवा नसलेली बोटं मोजली जातात. चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. त्रास थांबला तर सेटिंग्ज कितीही बदलल्या तरी उपयोग नाही. अर्थिंग असलेला सॉकेट आणि लॅपटॉपसोबत आलेलाच चार्जर वापरा. धातूच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर इलेक्ट्रिशियनला बोलावून वायरिंग तपासून घ्या.

लॅमिंग्टन रोडवरून हौसेने बसवून आणलेली टचपॅडवरची स्किन आधी काढा. तिच्याखाली हवेचा फुगा राहिला की स्पर्श चुकीचे लागतात. मे महिन्यात आणि ऑक्टोबरमध्ये घामट बोटांनीही हेच होतं. शेजारी कोरडं सुती फडकं ठेवा.

बाकीच्या, थोडक्यात

ऑनलाइन फॉर्म भरताना पान मागे जातं, कारण दोन बोटं आडवी सरकतात. महत्त्वाचा फॉर्म मी माऊस लावूनच भरायला सांगतो.

अक्षरं अचानक मोठी झाली तर कंट्रोल आणि शून्य दाबा, आणि चिमटीने झूम होणं सेटिंग्जमधून बंद करा.

साध्या क्लिकला राइट क्लिकचा मेन्यू उघडत असेल, तर तुमचं बोट पॅडच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात पडतंय. तोही पर्याय काढता येतो.

फाइल ओढली जाऊन दुसऱ्या फोल्डरमध्ये पडली, तर दुसरं काहीही करण्याआधी कंट्रोल आणि झेड. दोनदा टॅप करून ओढण्याचा पर्याय मी बहुतेकांचा बंदच ठेवतो.

‘ड्रायव्हर अपडेट करून देतो’ म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर टाकू नका. ड्रायव्हर, म्हणजे टचपॅडसारखे भाग चालवणारं सॉफ्टवेअर, कंपनीच्या साइटवरून, आपला मॉडेल नंबर घालूनच घ्यावा. यात शॉर्टकट मारणाऱ्यांचे लॅपटॉप मी नंतर तासन्‌तास साफ केलेत. सेटिंग्जमध्ये तीन बोटांचे पर्यायच दिसत नसतील, तर टचपॅडची सूत्रं बहुधा कंपनीच्या स्वतःच्या ड्रायव्हरकडे असतात. तेव्हा त्या कंपनीचं ॲप शोधा.

पॅड वर उचलल्यासारखा दिसतोय, दाबायला कडक झालाय, झाकण नीट बसत नाही, तर बॅटरी फुगलेली असू शकते. नूतनीकरण करून ‘नवा’ म्हणून विकलेल्या लॅपटॉपमध्ये हे जास्त दिसतं. तो दाबून बसवू नका, चार्जिंगला लावू नका, बंद करून सर्व्हिस सेंटरला न्या.

दुकानात जाण्याआधी

सगळ्या टचपॅड सेटिंग्ज एकदा मूळ स्थितीला आणा. रिसेटचा पर्याय त्याच पानावर आहे. मग लॅपटॉप सुरू होताना बायोस, म्हणजे विंडोजच्या आधीचं सेटिंग्जचं पान, उघडा. बऱ्याच लॅपटॉपच्या बायोसमध्ये टचपॅड चालतो, आणि तिथे विंडोजच्या सेटिंग्जचा काही संबंध नसतो. हात न लावता तिथेही कर्सर पळत असेल तर दोष हार्डवेअरचा आहे. बोटं आणि स्क्रीन एकाच चौकटीत येतील असा व्हिडिओ काढा, एकदा चार्जर लावून आणि एकदा बॅटरीवर. बदलून मिळण्याची मुदत बिलावर किंवा ऑर्डरच्या पानावर बघून ठेवा, आणि ती संपायच्या आत लॅपटॉप घेऊन जा.