लहानपणी छातीला शेक दिलेल्या मुलींनी स्तनांची तपासणी कधी आणि कशी करावी

लहानपणी हॉजकिन लिम्फोमा (लसिका गाठींचा कॅन्सर) झाला, किंवा किडनीची कॅन्सरची गाठ फुप्फुसात पसरली, म्हणून छातीला शेक (कोणी लाईट म्हणतं, कोणी रेडिएशन) दिला असेल, तर त्या मुलीला पुढे स्तनाच्या कॅन्सरचा धोका बराच जास्त असतो. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत अशा दर १०० जणींपैकी सुमारे ३० जणींना पन्नाशीच्या आतच तो झाला. म्हणून इतर बायकांसारखी तपासणीसाठी चाळिशीची वाट बघायची नाही.

पहिलं काम म्हणजे जुनी फाईल शोधणं. ती बहुतेक वेळा माहेरी, पेटीत, नाहीतर वाळवीच्या तोंडी असते. डिस्चार्ज कार्डावर शेक कुठे दिला आणि एकूण डोस किती, हे बघा. डोस ‘ग्रे’मध्ये किंवा ‘सेंटीग्रे’मध्ये लिहिलेला असतो, १०० सेंटीग्रे म्हणजे १ ग्रे. रोज १८० सेंटीग्रे असे १४ दिवस दिले असतील तर झाले २५२० सेंटीग्रे, म्हणजे २५.२ ग्रे. छातीवर १० ग्रे किंवा जास्त असेल तर खालची तपासणी लागू होते. फाईलच नसेल तर जिथे उपचार झाले तिथल्या रेकॉर्ड विभागात केस नंबर, तेव्हाचं नाव आणि साल देऊन अर्ज करा. लग्नानंतर नाव बदललेलं असतं आणि तिथेच शोध अडतो. छातीवर गोंदणासारखे बारीक ठिपके असतील तर तेही डॉक्टरांना दाखवा. शेकाची जागा आखायला ते करतात.

सुरुवात कधी करायची? वयाची २५ वर्षं किंवा शेक संपून ८ वर्षं, यातलं जे नंतर येईल तेव्हा. १० व्या वर्षी शेक झाला असेल तर २५ ला. १९ व्या वर्षी झाला असेल तर २७ ला. त्याआधी, वयात आल्यापासून, वर्षातून एकदा डॉक्टरांनी हाताने तपासावं.

नंतर दरवर्षी मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) आणि एमआरआय (चुंबकाच्या मशिनीतला फोटो), दोन्ही. तरुण वयात स्तन घट्ट असतात, मॅमोग्राफीत गाठ लपते, ती एमआरआय पकडतो. सुरुवातीच्या कॅन्सरची खूण असू शकणारे चुन्याचे बारीक कण मात्र मॅमोग्राफीतच नीट दिसतात. ‘नुसती सोनोग्राफी करून घ्या’ असं तालुक्याला सांगतील. ती वरून जोड म्हणून ठीक, पण या दोन्हींच्या बदल्यात नाही. मॅमोग्राफीतही किरणं असतात म्हणून बाया घाबरतात. पण तो डोस जुन्या शेकाच्या मानाने अगदीच किरकोळ असतो.

गडचिरोली-यवतमाळकडून नागपूरला दोनदा खेटे घालण्यापेक्षा दोन्ही तपासण्या एकाच फेरीत करा. कापूस वेचणीची मजुरी बुडणार नाही असा महिना धरा, पण तारीख पाळीच्या ७ ते १४ व्या दिवसातली घ्या; इतर दिवसांत एमआरआयमध्ये उगाच संशयाचे डाग दिसतात. काखेत पावडर लावू नका, तिचे कण मॅमोग्राफीत खोटे डाग देतात. गरोदर असाल तर आधी सांगा. मागच्या वर्षीच्या फिल्म सोबत न्याच, नुसता रिपोर्ट पुरत नाही.

मधल्या काळात गाठ, कातडी आत ओढलेली, बोंडातून रक्त असं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. ‘इतक्या लहान वयात नसतो’ असं कोणी म्हणालं तरी जुनं कार्ड पुढे करून सुईची बायोप्सी (सुईने तुकडा काढून तपासणी) मागा. कॅन्सर निघालाच तर दोन गोष्टी ठामपणे सांगा: छातीला आधी किती शेक झालाय आणि लाल रंगाचं औषध (डॉक्सोरुबिसिनसारखं केमो) सलाईनमधून किती मिळालंय. त्या औषधाचा हृदयावरचा भार आयुष्यभर साठत जातो, आणि त्याच जागी पुन्हा शेक देता येईलच असं नसतं. म्हणून ऑपरेशन कोणतं आणि औषधं कोणती, हे त्या दोन आकड्यांवरही ठरतं.